पृथ्वीगुरू आणि बोटातला नीलम

(श्रीदत्तजयंतीच्या सप्ताहात आंधळगाव येथे झालेले प्रवचन, लिहून काढलेले)

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!

दत्तभक्त मायबापहो, भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला एक अवधूत भेटतो. राजा त्याला विचारतो, महाराज, तुमच्याजवळ काहीच नाही, तरी तुम्ही एवढे आनंदात कसे? अवधूत म्हणतात, मी चोवीस गुरू केले. तो अवधूत म्हणजे आपले दत्तप्रभू, अशी आपली श्रद्धा. त्या चोवीस गुरूंमध्ये पहिला नंबर कोणाचा? पृथ्वीचा. वायू, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य सगळे मागून आले. लोक तिला नांगरतात, खणतात, तिच्यावर थुंकतात, पण ती आपली जागा सोडत नाही. म्हणून ती पहिली.

आज त्या पृथ्वीच्या एका लहानशा तुकड्याबद्दल बोलायचे आहे. हरभऱ्याएवढा तुकडा, निळा, बोटात घालायचा. समोर बसलेल्यांपैकी तीन-चार जणांच्या बोटात तो मला इथूनच दिसतो आहे. हात लपवू नका जी. माझ्याही घरात तो आला होता आणि तीच गोष्ट आज सांगायची आहे. हे पुराण नाही, घरातले आहे, आणि त्यात चूक माझी आहे.

आपले आंधळगाव कोशाचे गाव. माझ्या वडिलांचा माग होता. करवती काठाचे लुगडे विणणाऱ्या घरात मी वाढलो. कोणी बाहेरचा व्यापारी धागा घेऊन आला की वडील बोलत नसत. धाग्याचे टोक काडेपेटीच्या काडीवर धरत. खरा कोसा जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि मागे राख उरते, बोटांनी चुरडली की पीठ होते. नकली धागा वितळतो, त्याची कडक गोळी होते. वडील ती गोळी व्यापाऱ्याच्या तळहातावर ठेवत आणि उठून जात. अशा घरातला मी, आणि 22,000 रुपयांचा दगड न तपासता घेऊन आलो. धान विकून आलेले पैसे होते.

कारण सांगतो. माझा धाकटा नातू तेव्हा नऊ वर्षांचा. थंडी सुरू झाली की पोराचे गुडघे, मनगटे दुखायची. रात्री उठून बसायचा. "आबाजी, हाडाच्या आतून दुखते जी," म्हणायचा. डोळ्यांत पिवळी झाक. आम्ही काविळीचा पाला दिला, तेल चोळले, अंगारा लावला. मग एका ठिकाणी पत्रिका दाखवली. पत्रिका पाहणाऱ्याने सांगितले, साडेसाती आहे, शनी हाडांत आणि सांध्यांत बसला आहे, नीलम घाला. दगडही त्यांच्याच ओळखीच्या माणसाकडे मिळाला. गडद निळा, लांबट, आत रेशमासारख्या रेघा. मला तर फार आवडला. कोशाच्या घरातल्या माणसाला रेशमासारखे काही दिसले की झाले.

सूनबाई म्हणाली, "मामाजी, एकदा रक्त तपासून पाहू." मी म्हणालो, "अंगठी होऊ दे, मग पाहू." मुहूर्त, शनिवार, पुष्य नक्षत्र अशा गडबडीत तीन महिने गेले. हे तीन महिने लक्षात ठेवा.

सोनाराकडे अंगठी घडायला दिली. कोंदण तयार झाले, दगड बसवून त्याने कडा दाबायला सुरुवात केली आणि टक् असा बारीक आवाज आला. दगड उभा चिरला. सुपारी फुटते तसा वेडावाकडा नाही फुटला, बांबू फाडल्यासारखा सरळ रेषेत दोन तुकडे. सोनार म्हातारा, अनुभवी. घाबरला नाही. त्याने तुकडा उचलला, सुई घेतली आणि लांबीच्या दिशेने ओढली. पांढरी रेघ उठली. मग तीच सुई त्याने आडवी ओढली, तर सुई घसरली. म्हणाला, "गुरुजी, हा नीलम नाही जी. नीलमावर सुई कोणत्याच बाजूने चालत नाही. हा कायनाइट. आपल्याच जिल्ह्यात निघतो."

मंडळी, इथे थोडे थांबू. हे दोन दगड नीट समजून घेऊ, कारण वडील धागा समजून घेत तसा मी दगड समजून घेतला नाही.

नीलम म्हणजे कुरुंद. हो, तोच कुरुंद! सुरी-कात्रीला धार लावणाऱ्याच्या चाकात ज्याची पूड असते, तोच. इंग्रजी शास्त्रात त्याला जे नाव आहे, ते आपल्याकडच्याच कुरुंद-कुरुविंद या शब्दांवरून गेलेले आहे. अॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन, एवढेच त्यात असते. अगदी शुद्ध असला तर तो काचेसारखा बिनरंगी. लोह आणि टायटॅनियमचा अंश शिरला की निळा होतो, त्याला आपण नीलम म्हणतो. क्रोमियम शिरले की लाल होतो, ते माणिक. लोहाने पिवळा झाला की पुष्कराज. आता गंमत पाहा. माणिक सूर्याचे, पुष्कराज गुरूचा, नीलम शनीचा. पत्रिकावाले सांगतात की माणिक आणि नीलम एका हातात घालू नका, बापलेकांचे वैर आहे, शनी सूर्याचा मुलगा असून दोघांचे पटत नाही. आणि जमिनीच्या पोटात हे दोघे एकाच आईची लेकरे, फरक फक्त चिमूटभर रंगाचा.

कठीणपणाची जी एक ते दहा अशी पट्टी आहे, तिच्यावर हिरा दहा आणि कुरुंद नऊ. आपल्या घरातली धूळ असते ना, तिच्यात गारगोटीचे बारीक कण असतात, त्यांचा कठीणपणा सात. म्हणून सातापेक्षा मऊ दगड रोज बोटात राहिला तर नुसते पुसून पुसूनही वर्षा-दोन वर्षांत मंद पडतो. नीलमाचे तसे होत नाही. वजनालाही तो जड, पाण्याच्या चौपट. चार ग्रॅमचा नीलम पाण्यात बुडवून तोलला तर बरोबर एक ग्रॅम कमी भरेल.

कायनाइटचे निराळे. त्यात अॅल्युमिनियम आहेच, शिवाय वाळूतले सिलिका आहे. नावाचा अर्थच निळा. पात्यासारखे चपटे, लांब स्फटिक. पाण्याच्या साडेतीनपटीहून थोडा अधिक जड, म्हणजे चार ग्रॅमचा तुकडा पाण्यात साधारण 1.1 ग्रॅम कमी भरतो. फरक बारीक आहे, पण चांगल्या काट्यावर कळतो. आणि त्याचा स्वभाव दुहेरी. लांबीच्या दिशेने कठीणपणा पाचाच्या आसपास, पोलादी सुईही ओरखडा काढते. आडव्या दिशेने साडेसहा ते सात. अशी माणसेही आपण पाहिली आहेत, देवळात एक आणि बांधावर एक. असो. त्यात लांबीच्या बाजूने चीर जायच्या वाटा आधीच असतात, म्हणून दाब आला की तो सरळ फाटतो. माझ्या 22,000 रुपयांचे तसेच झाले.

पण कायनाइटला नावे ठेवू नका. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेला दहेगाव-पिंपळगावकडे तो निघतो, पोहऱ्याकडे त्याचा भाऊ सिलिमनाइट निघतो. हे दोघे भट्टीसाठी जन्मलेले. तेराशे अंशांच्या पुढे कायनाइट तापवला की तो फुगतो आणि त्याचे रूप बदलते, आणि त्यातून जी वीट बनते ती पोलादाच्या भट्टीत टिकते. आपल्या तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणी आहेत, तिथले मँगनीज पोलादात पडते. म्हणजे आपल्या मातीतले मँगनीज पोलादात आणि आपल्याच मातीतला निळा दगड त्या पोलादाच्या भट्टीच्या भिंतीत. हे त्याचे खरे काम. मी मात्र त्याच्याकडे पोराचे गुडघे बरे करायचे काम दिले.

आता कोणी म्हणेल, गुरुजी, तुम्ही फसलात, खरा नीलम घेतला असता तर गुण आला असता. मलाही दोन दिवस तसेच वाटले. कर्ज काढून खरा घेऊ का, असाही विचार आला. तेव्हा मी गरुडपुराण उघडले. त्यात रत्नपरीक्षेचे अध्याय आहेत. तिथे बल नावाच्या असुराची कथा येते. तो इतका बलवान की इंद्राला जिंकले. देवांनी युक्ती केली, यज्ञात तू पशू हो असे मागणे मागितले. बलाने शब्द दिला होता, तो फिरवला नाही. त्याच्या देहाची रत्ने झाली. दातांचे मोती, रक्ताचे माणिक, आणि डोळे सिंहलद्वीपात पडले त्यांचा इंद्रनील. सिंहलद्वीप म्हणजे आजची श्रीलंका, तिथे आजही उत्तम नीलम निघतात. हा अध्याय मी पूर्वी तीनदा वाचला होता. प्रत्येक वेळी खोटा-खरा कसा ओळखावा एवढेच पाहिले. या वेळी वाटले, बलाने देह दिला तो दुसऱ्यासाठी, आणि त्याच्या डोळ्याचा तुकडा मी घेतो तो माझ्या भीतीसाठी.

आणि भीती कसली? साडेसातीची. शनी राशिचक्राची फेरी पुरी करायला साधारण साडेएकोणतीस वर्षे घेतो. बारा राशी, म्हणजे एका राशीत अडीच वर्षे. आपली रास, तिच्या मागची आणि पुढची, अशा तीन राशींची मिळून साडेसात. म्हणजे कोणत्याही दिवशी बारांपैकी तीन राशींना साडेसाती असतेच. गावात हजार माणसे असली तर सरासरीने अडीचशे जणांना आज साडेसाती चालू आहे. हजारातल्या अडीचशे जणांचे गुडघे एकदम दुखतात का? दुखत असतील तर आपल्यासारख्या म्हाताऱ्यांचे, आणि ते शनीशिवायही दुखतात.

ग्रह मानू नका, असे सांगायला मी इथे बसलेलो नाही. शनिवारी मारुतीला तेल घाला, उपवास करा, मनाला धीर येतो, आणि आजारपणात धीर लागतोच. पण नीलम हाडांना, कायनाइट कंठाला आणि मनाला, अमुक दगड रक्ताला, हे जे आता बाजारात सांगतात, त्याला पडताळा नाही. दोन्हींपैकी एकानेही कोणाचा आजार बरा झाल्याचे तपासणीत सिद्ध झालेले नाही. कुरुंद घामात विरघळत नाही, आम्लातही सहसा विरघळत नाही. बोटात पन्नास वर्षे राहिला तरी त्यातला कण कातडीतून आत जात नाही. शंभराहून अधिक वर्षे झाली, कुरुंद कारखान्यात बनतो. महागड्या घड्याळांची काचही त्याचीच असते. तो आणि खाणीतला, रसायन एकच. मग त्या घड्याळवाल्यांच्या मनगटांचे दुखणे थांबले असते. रसशास्त्रात रत्नांची भस्मे सांगितली आहेत, तो जाणत्या वैद्याचा विषय आहे, बोटातल्या अंगठीशी त्याचा संबंध नाही, आणि कोणी घरी दगड उगाळून पोराला पाजत असेल तर कृपा करून थांबवा.

त्या दोन दिवसांतच पोराला ताप भरला. छातीत दुखायला लागले, श्वास घेता येईना. त्या रात्री सूनबाईने मला विचारलेच नाही. तिने आणि मुलाने त्याला उचलले आणि सरकारी दवाखान्यात नेले. रक्त चढवावे लागले. डॉक्टरांनी तपासणी केली आणि नाव सांगितले, सिकलसेल. पोराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल राहात नाहीत, विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात. अडकल्या की रक्त पुढे जात नाही आणि हाडे दुखतात. आतून दुखते असे तो सांगत होता, ते अक्षरशः खरे होते. पेशी लवकर फुटतात म्हणून डोळे पिवळे. थंडीत आणि पाणी कमी प्यायले की झटका येतो, म्हणून दर मार्गशीर्षात. शनी नाही, थंडी.

डॉक्टर बाईंनी मला एकच प्रश्न विचारला, "आधी का आणले नाही?" मी दत्ताच्या पारावर पंचवीस वर्षे बोलतो आहे. त्या दिवशी माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. खिशात दगडाचे दोन तुकडे होते.

घरी आलो तेव्हा गुरुचरित्राचा तेरावा अध्याय आठवला. तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. गोदेच्या काठी वासरब्रह्मेश्वराला श्रीनृसिंह सरस्वती महाराज असताना एक ब्राह्मण येतो. पोटशूळ. अन्न घेतले की मरणाची वेदना. कंटाळून तो अंगाला दगड बांधून नदीत शिरतो. महाराज शिष्यांना पाठवून त्याला बाहेर काढवतात. तेवढ्यात सायंदेव येतो. महाराज त्याला सांगतात, याला घरी ने, पोटभर जेवू घाल. सायंदेव घाबरतो, हा जेवला तर मरेल आणि हत्या माझ्या माथी. महाराज म्हणतात, घाल, वडे घाल, खीर घाल. ब्राह्मण जेवतो आणि शूळ जातो.

हा अध्याय आम्ही किती वेळा वाचला! आजारी माणसाच्या घरी मुद्दाम वाचतो. पण मला कधी दिसले नव्हते की त्यात दगडसुद्धा आहे. आजारी माणूस स्वतःहून अंगाला दगड बांधतो. महाराज त्याला पाण्याबाहेर काढतात आणि जिवंत माणसांच्या घरी, पंक्तीला पाठवतात. त्याला कुठलेही रत्न दिलेले नाही. साऱ्या गुरुचरित्रात भस्म आहे, रुद्राक्ष आहे, तीर्थ आहे, सेवा आहे. या पोटशूळाच्या ब्राह्मणाला मिळाले ते अन्न आणि एका गृहस्थाचे दार. माझ्या घरात दार उघडणारी सूनबाई होती आणि मी दगड बांधत बसलो होतो.

नातू आता बारा वर्षांचा आहे. रोज हायड्रॉक्सीयुरिया घेतो, फोलिक अॅसिड घेतो, ठरलेल्या वेळी रक्त तपासायला जातो. दुखणे पूर्ण गेलेले नाही, पण झटके कमी झाले. शाळेच्या दप्तरात पाण्याची मोठी बाटली असते. थंडीत त्याला स्वेटर घालायला आजी विसरत नाही. ताप आला तर आम्ही आता वाट पाहात नाही, सरळ दवाखाना.

आणखी एक सांगतो, हे जरा नाजूक आहे. तपासणीत निघाले की माझा मुलगा आणि सूनबाई दोघेही या आजाराचे वाहक आहेत. वाहकाला स्वतःला सहसा त्रास नसतो, म्हणून कळत नाही. पण दोन वाहकांचे लग्न झाले की प्रत्येक लेकराला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक. लग्नाच्या वेळी मी त्यांच्या पत्रिका स्वतः जुळवल्या होत्या. छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण आले होते. नाडी पाहिली, मंगळ पाहिला, रक्त पाहिले नाही. नागपूर, भंडारा, गोंदिया, गडचिरोली, या सगळ्या पट्ट्यात हा आजार आहे आणि अनेक जातींत आहे, कोणी आमच्यात नाही म्हणून निश्चिंत राहू नये. 2023 पासून केंद्र सरकारची मोहीमही सुरू आहे. बोटातून थोडे रक्त घेऊन पहिली तपासणी होते. पत्रिका जुळवायची तर जुळवा, मी अडवत नाही. सोबत तो एक कागद ठेवा. वाहक निघाला म्हणून कोणाच्या मुलीला नाव ठेवू नका. माझ्या घरात दोघे वाहक आहेत आणि दोघेही रत्नाहून मोलाचे आहेत, हे मी सर्वांसमोर सांगतो.

तो फुटलेला निळा दगड मी फेकला नाही. देव्हाऱ्यातही ठेवला नाही. माझ्या वाचनाच्या चौकीवर तो असतो, पोथीची पाने वाऱ्याने उडू नयेत म्हणून. नातू कधीतरी तो हातात घेतो, सुईने लांबीला रेघ ओढतो, मग आडवी ओढून पाहतो. परवा त्याला मी कुरुंदाची गोष्ट सांगितली, माणिक आणि नीलम एकच दगड म्हणून. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग विचारले, "आबाजी, सूर्याचा आन् शनीचा दगड एकच हाय, त मंग ते भांडते काहून?"

मी म्हणालो, बाळा, दत्तजयंतीला पालखी आली की दत्तालाच विचार. उद्या पालखी आहे. तो विचारणार आहे.

श्रीगुरुदेव दत्त!